ढालीची पाठ

१

दाराचं कुलूप शाबूत होतं, खिडकीचे गज शाबूत होते, कपाटाच्या काचेवर साधा ओरखडाही नव्हता. फक्त कपाटातली ढाल नव्हती.

ती काही लढाईची ढाल नव्हे. सागवानी फळीवर चांदीचा पत्रा ठोकलेली, परातीएवढी, हुतूतूच्या सामन्यात मिळालेली. पण पोलादपुरात तिचा मान देव्हाऱ्यातल्या टाकाइतका. एकतीस साली महाडच्या मैदानात हैबतराव चोरग्यांच्या संघानं ती जिंकली आणि महिन्याभरात हैबतराव कुलाबा जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आले. खेळातला कप्तान आणि बोर्डातला मेंबर. बोर्डाच्या सभेत उभे राहिले की चढाईला निघाल्यासारखे धोतराचा सोगा खोचायचे आणि एका दमात गाऱ्हाणं संपवायचे. इंग्रज कलेक्टर मध्ये तोंड घालायला बघायचा, त्याला फट सापडायची नाही. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. उद्या, हनुमान जयंतीला, गावच्या व्यायामशाळेला त्यांचं नाव द्यायचं होतं, आणि आज दुपारी दोन वाजता ही ढाल नाहीशी झाल्याचं कळलं.

कुशाबा सकपाळ साडेतीनच्या एस.टी.नं महाडहून उतरले ते उद्याचे पाहुणे म्हणून. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, ताठ कण्याचे. लोकल बोर्डाच्या रस्त्यांवर मुकादमी केलेली आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या सामन्यांत पंचगिरी. पितळी शिट्टी अजून कोटाच्या खिशात असायची. भांडखोरातला भांडखोर गडी त्यांच्या निकालापुढं मान खाली घालायचा, आणि ही गोष्ट कुशाबांना चांगली ठाऊक होती.

स्टँडवरच हैबतरावांचा मुलगा रावजी भेटला. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा पायजमा, दोन महिन्यांवर आलेल्या पंचायत समितीच्या निवडणुकीचा उमेदवार.

"काका, देवासारखे आलात. सोनबानं ढाल लांबवली."

"बघितलंस तू?"

"बघायला कशाला पाहिजे? व्यायामशाळेची किल्ली एकच. ती त्याच्या करगोट्याला. दार आमच्यासमोर त्यानंच उघडलं आणि कपाट रिकामं." रावजीनं आवाज खाली आणला. "तो तुमच्या शब्दाबाहेर नाही. सहापर्यंत ढाल आली तर मी काही घडलंच नाही म्हणेन. नाही आली तर फौजदारांना बोलावतो, आणि त्यानं पडवी आजच्या आज रिकामी करायची."

सोनबा कदम तीस वर्षं त्या व्यायामशाळेच्या पडवीत राहत होता. पुढंमागं कुणी नाही. त्या पडवीतून तो निघाला असता, तर 'चोर' हे नाव घेऊनच, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते नाव घेऊन जाणार तरी कुठं?

"सहाला अजून अडीच तास आहेत," कुशाबा म्हणाले. "तोवर निकाल माझा. तू शिट्टी वाजवू नकोस."

२

सोनबा पारावर बसला होता. काटक अंग, पांढऱ्या मिशा. कुशाबा शेजारी टेकले आणि सरळच विचारलं.

"सोनबा, ढाल तू घेतलीस?"

"नाय."

"मग कुणी घेतली?"

सोनबा समोरच्या आंब्याकडं बघत राहिला.

कुशाबांनी मनात नोंद केली. पहिल्या प्रश्नाला पापणी लवायच्या आत उत्तर आणि दुसऱ्याला मुळीच नाही. ज्याला ठाऊक नसतं तो 'ठाऊक नाही' म्हणतो. गप्प बसतो त्याला ठाऊक असतं.

"बरं, सकाळपासून काय झालं ते तरी सांग."

"आठाला रंगूबाय सारवाया आली. नवाला झालं तिचं. मी कुलूप घातलं आन् वयनींच्या घरला गेलो." वयनी म्हणजे हैबतरावांच्या विधवा चंद्रभागाबाई. हैबतराव होते तेव्हापासून सोनबाची न्याहारी त्यांच्याकडं. "किल्ली ओटीवरल्या खुंटीला टाकली, नदीवर जाऊन आंघूळ केली, मंग भाकर खाल्ली. धाला परत किल्ली कंबरंला."

"रोज खुंटीलाच टाकतोस?"

"रोज. भिजली तर गंजंल ना."

"आणि मग?"

"मंग दोनाला रावजी आन् मास्तर आलं. दार उघडलं."

"काय दिसलं?"

"ढाल नव्हती, ते दिसलं," सोनबा म्हणाला. पण बोलताना त्याची नजर कपाटाच्या उंचीवर नव्हती. ती खाली, उंबऱ्याच्या उंचीवर होती. पंचाला अशा नजरा कळतात. चढाई करणाऱ्याचे हात काहीही नाटक करोत, पंचानं बघायचं ते पायाकडं आणि नजरेकडं.

"फौजदार आला तरी असाच गप्प बसणार?"

"बसंन," सोनबा म्हणाला. "तुमी नका इच्यारू, मुकादम. काय बी हुंद्या माझं."

३

व्यायामशाळेची पुढली खोली म्हणजे एक दार, एक खिडकी आणि समोरच्या भिंतीला कपाट. जमीन मातीची, शेणानं सारवलेली. चैत्राच्या उन्हानं ती आता खणखणीत वाळली होती. रंगूबाई पायरीखालीच उभी राहिली. आत यायला तयार नाही.

"उद्या माझ्यावर बी आळ घालतील," ती म्हणाली. "मी गेले तवा माझ्या हातात नुसता खराटा हुता. चार बायांनी बघितलंय."

"तुझ्यावर कोण घेतंय, गो? एवढंच सांग, सारवलंस तेव्हा ढाल होती?"

"हुती म्हंजे? तिच्यात माझं तोंड दिसलं मला. कपाटापास्नं धरलं आन् मागं मागं सरत दारात आले. सारवायची रीतच ती. नायतर आपलंच पाय उठत्यात."

कुशाबा चपला काढून आत गेले आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत उकिडवे बसले. सारवणावर हाताच्या कमानी उठल्या होत्या, एकीला एक लागून. सगळ्या खोलीभर त्या उजवीकडं कललेल्या. फक्त दारापासून कपाटापर्यंत दोन हात रुंदीचा एक पट्टा होता. तिथल्या कमानी डावीकडं कललेल्या होत्या.

"रंगूबाई, तू डावरी का?"

"जल्मापास्नं. सासू लई बोलायची त्यापायी."

"आणि उरलेला शेणाचा काला काय केलास?"

"घमेल्यात पडवीला ठेवला हुता, सांजच्याला पायऱ्या कराया. आता बघते तर तळाला गेलाय. सोनबानं कुठं लावला, काय म्हाईत."

कुशाबा मिशीत हसले. मैदानावर रेघेचा वाद सुटला की ते असेच हसायचे.

"शेवटचं विचारतो. रांगोळी काढलीस?"

रंगूबाई दुखावली. "काय इच्यारता, मुकादम? नुसतं सारवून सोडत्यात का कुणी? मयत झाल्यावर सोडत्यात तसं? उंबऱ्याच्या आतल्या बाजूला कमळ काढलं, वर हळदकुकू सोडलं. सोनबा कुलूप घालाया उभाच हुता, त्याला इच्यारा."

कुशाबांनी खाली पाहिलं. उंबऱ्याच्या आत, कोपऱ्याला, कमळ होतं. आठ पाकळ्यांचं, पांढरंशुभ्र. मान वर केली तर खिडकीत रांगोळीची वाटी होती आणि शेजारी हळदकुंकवाची पुडी, अर्धी भरलेली.

सोनबा का गप्प बसला ते त्यांना कळलं. ते कळलं, आणि चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

४

चोरग्यांच्या ओटीवर मोरू मास्तर बसले होते. शाळामास्तर, हैबतरावांच्या चरित्राचे लेखक. समोर नव्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. भिंतीला हैबतरावांचा मोठा फोटो. त्याला उद्यासाठी आजच फुलांचा हार घातलेला. फोटो खिळ्यावरून जरा जास्तच पुढं झुकला होता.

"मास्तर, दुपारी दोन वाजता तुम्हाला ढालीशी काय काम होतं?" कुशाबांनी बसता बसता विचारलं.

"ती महाडला तांबटाकडं न्यायची होती. मागली बाजू कायम भिंतीकडं, तिकडं कुणी बघतही नाही; तिथं जुना, काळवंडलेला पत्रा आहे. तो काढून नवा ठोकायचा आणि त्यावर हे वाक्य कोरायचं." मास्तरांनी पुस्तिका उघडून वाचलं. "'अखेरच्या मिनिटाला हैबतरावांनी एकाच दमात तीन गडी बाद केले आणि ढाल खेचून आणली.'"

"हे कधी ठरलं?"

"आज सकाळीच. मी आणि रावजीराव इथं चहा घेत होतो तेव्हा. साडेआठ झाले असतील. मग आम्ही मांडववाल्याकडं गेलो, ते थेट दोनला आलो."

"आणि हे वाक्य कुठून आणलंत?"

मास्तर खुलले. "अहो, तुमच्याच तोंडचं. तेव्हाच्या वर्तमानपत्राचं कात्रण आहे माझ्याकडं. 'पंच श्री. सकपाळ यांनी सांगितल्यावरून कळते की.'"

कुशाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

कारण ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांत पहिले कुशाबा. शेवटच्या मिनिटाला हैबतराव खेळात नव्हतेच. पाच मिनिटं आधी त्यांचा घोटा धरून प्रतिपक्षानं त्यांना बाद केलं होतं. रेघेबाहेर बसले होते ते. शेवटची चढाई सोनबाची. तिघांना शिवून, चौथा अंगावर पडला असताना, हुतूतूचा घोष न तोडता त्यानं मधल्या रेघेला बोट लावलं होतं, आणि ते बोट बघायला कुशाबा जमिनीवर आडवे पडले होते. मग लोकांनी कप्तानाला खांद्यावर घेतलं. निवडणूक महिन्यावर. वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, शेवटची चढाई कुणाची? बोर्डाचे मुकादम असलेले कुशाबा, उद्याचा मेंबर समोर दिसत असताना, म्हणाले, कप्तानांची. एवढंच. हयातभर रेघेचा एक निकाल चुकला नाही आणि रेघेबाहेरचा हा एक चुकवला.

तेवढ्यात रावजी आला. "पाच वाजले, काका. कबूल झाला का?"

"तो नाही होणार," कुशाबा म्हणाले. "वहिनींना बाहेर बोलव. सगळे बसा."

५

चंद्रभागाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. साठीच्या, रुंद कपाळाच्या, पांढऱ्या कपाळाच्या.

"ढाल सोनबानं घेतली नाही," कुशाबांनी सुरुवात केली. "त्याच्याकडं किल्ली दिवसभर. त्याला घ्यायची असती तर जमीन वाळू दिली असती आणि बाराच्या उन्हात आरामात घेतली असती. पायाचा ठसाही उठला नसता. पण चोर ओल्या जमिनीवरून गेला. पाय उठले, म्हणून त्यानं पडवीतला काला घेऊन तेवढा पट्टा पुन्हा सारवला. रंगूबाईचा हात डावा, या पट्ट्यावरचा हात उजवा. ओल्यात कोण जाईल? ज्याला थांबायला वेळ नाही तो. ज्याच्या हाती किल्ली तासभरच होती तो. नऊ ते दहा किल्ली या खुंटीला होती."

रावजी चपापला. "म्हणजे आमच्या घरातलं कुणी? काका, मी तर मांडववाल्याकडं होतो."

"तू असतास तरी तुला सारवता येतं का? मास्तरांना येतं? पट्टा इतका सफाईनं सारवलाय की तुम्ही दोघं त्यावरून चालत गेलात आणि तुम्हाला पत्ता नाही. तो हात जन्मभर सारवणाऱ्या बाईचा. आणि त्या बाईनं एक चूक केली. ती चूक कुठलाही चोर करणार नाही. रंगूबाईचं कमळ पट्ट्याखाली गेलं होतं. चोरी करून पळायच्या घाईत ती थांबली आणि नवं कमळ काढलं. कारण नुसतं सारवलेलं सोडलं तर अशुभ, आणि उद्या तिथं चांगलं कार्य. तिच्या हातानं ते होईना."

मास्तरांनी हातातली पुस्तिका मिटली.

"कमळ काढलं," कुशाबा हळू आवाजात म्हणाले, "पण कुंकवाची पुडी शेजारी असून तिला हात लावला नाही. सोनबानं सकाळी कुंकू बघितलं होतं, दुपारी बघितलं तर नाही. त्याला तिथंच कळलं. ज्या घरची भाकरी खातो त्या घरच्या बाईचं नाव तो कसं घेईल? वहिनी, फोटो फार पुढं झुकलाय. मी उतरवू का?"

"मीच उतरवते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्यांनी हार बाजूला केला, फोटो खाली घेतला आणि उलटा धरला. मागं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ढाल बांधली होती. तिची पाठ वर होती. काळवंडलेल्या पत्र्यावर ठोक्या-ठोक्यानं कोरलेली अक्षरं होती. रावजीनं ती वाचली आणि त्याचा आवाज मध्येच गेला.

'अखेरची चढाई सोनबा धोंडी कदम याची. मी बाद होऊन बाहेर बसलो होतो. हैबत.'

"निवडणूक झाली त्याच आठवड्यात ह्यांनी कोरून घेतलं," चंद्रभागाबाई सांगू लागल्या. "मला म्हणाले, तोंडानं सांगायची छाती होत नाय, पत्र्यावर तरी राहू दे. जायच्या आदल्या दिवशी हात धरला माझा. म्हणाले, मला नाय जमलं, तू ती ढाल एकदा चारचौघांत उलटी कर. नऊ वर्सं मी बी गप राहिले. आज सकाळी ऐकलं की पत्राच काढणार. मग ऱ्हायला तरी काय? उद्या हा फोटो मांडवात गेला असता आन् तिथंच मी तो उलटा केला असता." त्या रावजीकडं वळल्या. "सोनबावर तू बोट ठेवशील असं सपनात बी आलं नाय. ठेवलंस तवा माझी जीभ टाळ्याला चिकटली. एकीकडं पोटचा पोर, एकीकडं दिलेला शब्द. मी चुकले, पण मी चोर नाय."

रावजीनं अक्षरांवर हात ठेवला. मग म्हणाला, "हे उद्या वाचलं तर लोक काय म्हणतील? आबांचं नाव, माझी निवडणूक."

"तुझ्या बापानं सात वर्षांत बोर्डाकडून उमरठचा रस्ता करून घेतला, तेरा गावांना विहिरी दिल्या. त्या रस्त्यावरची खडी मी स्वतः मोजून घेतलीय. त्यातला एक दगड कमी होतो का या पत्र्यानं?"

"आणि तुमचं, काका? कात्रणात तुमचं नाव आहे. तुम्हाला लोक खोटा पंच म्हणतील."

"म्हणू दे," कुशाबा उठत म्हणाले. "मी होतोच. चल, आधी सोनबाकडं जाऊ. सहा वाजायला आलेत, आणि निकाल तू सांगायचा."

रावजी पारापर्यंत गेला. त्यानं वाकून सोनबाचे पाय धरले. सोनबा एवढंच म्हणाला, "उठ रं पोरा. वयनींकडची भाकर खायाची हाय अजून."

६

हनुमान जयंतीच्या दुपारी मांडव गच्च भरला होता. मोरू मास्तर भाषणाला उभे राहणार, एवढ्यात कुशाबांनी कोटाच्या खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. पाचशे माणसं चिडीचूप झाली.

"एकतीस सालचा अंतिम सामना," कुशाबा म्हणाले. आवाज मैदानावरचा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "पंच मी होतो. शेवटची चढाई कप्तानांची, असं मी सांगितलं. तो निकाल खोटा होता. रेघेला लागलेलं बोट मी जमिनीवर पडून बघितलं होतं. ते सोनबा कदमचं. नोकरीला घाबरून मी दुसरं नाव घेतलं. तो निकाल मी आज फिरवतो."

कुजबुज उठली. पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, एवढी वर्षं कुठं होता हा पंच? कुशाबांनी ते ऐकलं आणि तसेच उभे राहिले. मग रावजी पुढं आला. त्यानं ढाल टेबलावर ठेवली, पाठ लोकांकडं करून, आणि बापाची अक्षरं वाचून दाखवली. आज त्याचा आवाज गेला नाही. "माझ्या वडिलांना हे लिहायला जमलं," तो म्हणाला, "वाचायला जमलं नाही. ते राहिलेलं काम मी केलं."

चंद्रभागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लोकांनी सोनबाला ओढत, ढकलत पुढं आणलं. चार शब्द बोल म्हणाले. सोनबानं आयुष्यात कधी भाषण केलेलं नव्हतं. तो ढालीसमोर उभा राहिला, पत्र्यावरच्या आपल्या नावावर अंगठा फिरवला आणि शेजारी ठेवलेल्या फोटोकडं बघितलं.

"त्या चढाईला," तो म्हणाला, "माझ्या अंगावर गडी पडला तवा कायसुदिक दिसत नव्हतं. फकस्त हैबतदादाचा आवाज आयकू येत हुता. बाहेर बसून एकच वरडत हुता. सोनबा, दम सोडू नको. सोनबा, दम सोडू नको."

तो फोटोकडं वळला.

"नाय सोडला, दादा."

एवढं बोलून तो खाली उतरला. मग त्यानं कंबरेची किल्ली चाचपली आणि व्यायामशाळेचं दार उघडायला गेला, कारण ढाल कपाटात ठेवायची होती. कुशाबा त्याच्या मागोमाग गेले. ढाल त्या दोघांनी मिळून ठेवली, पाठ काचेकडं करून.